ओळख, वशिला आणि रावपुऱ्याचं घड्याळ

“पन्नास अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही. माझ्यात काय कमी आहे?”

बडोद्यातली नोकरी शोधणारी मुलं-मुली हा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर बहुधा माहितीच्या रूपात नको असतं. धीर हवा असतो. पण नुसता धीर देणं म्हणजे तहानलेल्याला पाण्याचं चित्र दाखवणं. म्हणून या प्रकरणात आपण प्रश्न उघडून बघू. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत: उत्तर का येत नाही, आणि उत्तर येत नाही त्या दिवसांत माणसानं स्वतःला कसं सांभाळायचं. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि पहिल्याचं उत्तर गणितात सापडतं.

१. गप्प बसलेल्या फोनचा हिशेब

एक पिशवी घ्या. तिच्यात वीस गोट्या, त्यांतली एक लाल, बाकीच्या पांढऱ्या. न बघता हात घालायचा. लाल गोटी आली तर मुलाखतीचं बोलावणं आलं असं धरू. प्रत्येक अर्ज म्हणजे अशी एक नवी पिशवी.

वीस अर्ज केले, वीस पिशव्यांत हात घातला. मन म्हणतं, आता एक तरी लाल निघायलाच हवी. पण तसं होत नाही. पहिल्या पिशवीतून पांढरी निघणारे शंभरात पंचाण्णव. त्या पंचाण्णवांपैकी पुन्हा पंचाण्णव टक्के दुसऱ्या पिशवीतूनही पांढरीच काढतात. असं वीस वेळा करत गेलं, की शेवटी शंभरातले साधारण ३६ जण असे उरतात ज्यांना एकदाही लाल गोटी मिळालेली नाही.

या ३६ जणांची पात्रता बाकीच्या ६४ जणांइतकीच आहे. मेहनतही तितकीच. तरी त्यांचा फोन वाजलेला नाही, आणि त्यांतला प्रत्येक जण रात्री छताकडे बघत ‘माझ्यात काय कमी आहे’ म्हणत असणार. वीस अर्जांची शांतता तुमच्याविषयी फारच थोडं सांगते. साठ-सत्तर अर्जांनंतरही शांतता असेल तर मात्र अर्जात किंवा निवडलेल्या जागांत काहीतरी चुकतंय असं समजून थांबावं आणि तपासावं.

आता दुसरा हिशेब. पिशवीत वीसऐवजी दहाच गोट्या असतील, म्हणजे अर्ज दुप्पट नेमका असेल, तर वीस अर्जांनंतर रिकाम्या हातानं उरणारे ३६ वरून १२ वर येतात. जुन्या पद्धतीचे चाळीस अर्ज केले असते तरी जवळपास हाच आकडा आला असता. वीस नेमके अर्ज चाळीस आंधळ्या अर्जांची बरोबरी करतात, आणि माणूस निम्मा थकतो. एकच बायोडेटा रात्री बारापर्यंत शंभर ठिकाणी पाठवण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

नेमकेपणा कसा आणायचा? जाहिरात कागदावर उतरवा आणि तिच्यातल्या तीन कामांखाली रेघ मारा. समजा मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला हिशेबनीस हवा आहे: टॅली, जीएसटीचं विवरण आणि मालाची नोंदवही. बहुतेक बायोडेटात असतं, ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून-मिसळून वागणारा.’ हे कोण लिहीत नाही? त्याऐवजी असं लिहा: ‘काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाची टॅलीतली नोंद आठ महिने ठेवली, महिन्याला सुमारे दोनशे बिलं.’ वाचणाऱ्याला लगेच चित्र दिसतं. काकांच्या दुकानातलं काम हे काम नव्हे असं समजून मुलं ते लिहीतच नाहीत. ते काम आहे, आणि लिहायलाच हवं.

२. ओळख म्हणजे वशिला नव्हे

गुजरातीत म्हण आहे, ‘ओळखाण मोटी खाण छे’. ओळख ही मोठी खाण आहे. आपण बडोद्याचे मराठी लोक ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, पण नोकरीची वेळ आली की आपल्या मनात दुसराच शब्द येतो: वशिला. आणि वशिल्याची लाज वाटून आपण ओळखीचंही दार लावून घेतो. “कुणापुढे हात पसरायचा नाही” हे वाक्य कितीतरी मध्यमवर्गीय मराठी घरांत संस्कार म्हणून शिकवलं जातं. त्यामागचा स्वाभिमान खरा आहे. त्यात झालेली गफलत तितकीच खरी आहे.

वशिल्यात लायक माणूस बाजूला सारला जातो. ओळखीत एवढंच होतं की जागा आहे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचते, आणि तुम्ही कोण हे समोरच्याला कळतं. निवड त्यानंतर तुमच्या कामावर होते. पहिल्यात अन्याय आहे. दुसऱ्यात नुसती माहिती आहे.

ही माहिती कुठून येते, याचा शोध मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं घेतला. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ शिकलेल्या कर्मचाऱ्यांना त्यानं विचारलं, ही नोकरी तुम्हाला कशी कळली? निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर होतं: ओळखीतून. मग पुढचा प्रश्न: त्या माणसाची नि तुमची गाठ कितीदा पडायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्या जवळच्या माणसाकडून बातमी मिळालेले शंभरात सतराच्या आसपास निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळालेले जवळजवळ छपन्न. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून मिळालेले अठ्ठावीस. १९७३ साली त्यानं मांडलेल्या या विचाराला ‘दुबळ्या धाग्यांचं बळ’ म्हणतात. २०२२ साली लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासानंही, फार जवळच्यांपेक्षा काहीशा लांबच्या ओळखी नोकरी मिळायला जास्त उपयोगी पडतात, असंच दाखवलं.

कारण साधं आहे. तुमचे आई-बाबा, सख्खे मित्र, शेजारचे काका या सगळ्यांच्या घरी जणू एकच वर्तमानपत्र येतं. त्यांना कळलेलं तुम्हाला आधीच कळलेलं असतं. लांबच्या माणसाकडे दुसरं वर्तमानपत्र येतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. अरविंद घोष केंब्रिजमध्ये शिकले, आय.सी.एस.च्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले. पण घोडेस्वारीच्या परीक्षेला हजर न राहिल्यानं १८९२ मध्ये त्यांची निवड रद्द झाली. हातात नोकरी नाही. त्या वेळी बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज लंडनला होते. महाराजांशी अरविंदांची गाठ घालून दिली जेम्स कॉटन यांनी. हे कॉटन म्हणजे अरविंदांच्या वडिलांना ओळखणाऱ्या सर हेन्री कॉटन यांचे भाऊ. म्हणजे वडिलांच्या परिचिताचा भाऊ, एवढा लांबचा धागा. १८९३ च्या फेब्रुवारीत अरविंद बडोद्यात रुजू झाले आणि १९०६ पर्यंत राहिले. दांडिया बाजारातलं त्यांचं निवासस्थान आज ‘अरविंद निवास’ म्हणून उभं आहे. ते पुढं कॉलेजात प्राध्यापक म्हणून गाजले, पण सुरुवात झाली होती ती जमीन-मोजणीच्या खात्यात. पहिल्याच नोकरीत आयुष्याचं काम सापडावं हा हट्ट किती अनाठायी आहे, हे यावरून कळावं.

या गोष्टीला एक जोड आहे, पगाराची बोलणी करताना लक्षात ठेवण्यासारखी. अरविंदांचा पगार दरमहा २०० रुपये ठरला. बोलणी थोरल्या भावानं आणि कॉटन यांनी केली, आणि दोघांनाही ती रक्कम चांगली वाटली. पुढं अरविंदांनीच आठवण सांगितली, की आय.सी.एस.च्या तोडीचा माणूस आपल्याला दोनशे रुपयांत मिळाला असं महाराज इतरांना सांगत. त्या कामाला बाजारात काय दर आहे, हे बोलणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मुलाखतीला जाण्याआधी त्याच कामावर असलेल्या दोन माणसांना तेवढं विचारून ठेवावं.

आता प्रश्न उरतो, लांबच्या माणसाशी बोलायचं कसं? ‘एखादी नोकरी असेल तर सांगा’ असं विचारलं की समोरचा अवघडतो. त्याच्या हातात नोकरी नसते, आणि ‘नाही’ म्हणायला त्याला कसंतरी होतं. म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो. हे ‘बघतो’ ऐकून आपण महिनाभर वाट बघतो. त्याऐवजी त्याच्याजवळ जे नक्की आहे ते मागा. त्याचा अनुभव. उदाहरणार्थ असा निरोप:

“नमस्कार काका, मी दांडिया बाजारच्या आखाड्यात यायचो, तेव्हा आपली ओळख झाली होती. केमिकलमध्ये डिप्लोमा केला आहे. नंदेसरीकडच्या कारखान्यांत नव्या मुलांना पहिलं वर्ष काय काम देतात, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटं बोललं तर चालेल का?”

यात याचना नाही. दहा मिनिटांच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा: “आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?” आणि दोन दिवसांत आभाराचा निरोप. गणेशोत्सव मंडळातले जुने कार्यकर्ते, शाळेतले शिक्षक, मामेभावाच्या लग्नात शेजारी जेवायला बसलेले गृहस्थ, सगळे या यादीत येतात. आठवड्याला अशी तीन बोलणी झाली तर महिन्याला बारा नवी वर्तमानपत्रं घरी येऊ लागतात.

एक इशारा इथंच देतो. नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण, अनामत, कुठल्याही नावाखाली नोकरीआधी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. चांगला मालक पगार देतो, घेत नाही.

३. टॉवरचं घड्याळ

रावपुऱ्याचा टॉवर बडोदेकरांच्या डोळ्यांना इतका सवयीचा आहे, की त्याचं खरं नाव चिमणाबाई टॉवर हे अनेकांना आठवत नाही. सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये तो उभा राहिला. मनगटावर घड्याळ नसलेल्या काळात कचेरीला निघालेला कारकून मान वर करून वेळ बघे आणि पाय उचले. नोकरी माणसाला पगार देते हे आपल्याला दिसतं. ती त्याला घड्याळही देते, हे ती नसली की कळतं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएंटाल नावाचं गिरणीगाव होतं. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी बहुसंख्य एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९३३ साली तो छापला. त्यांना वाटलं होतं, मोकळा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील. गावात वाचनालय होतं, आणि आता तर त्याची वर्गणीही माफ झाली होती. तरी दोन वर्षांत तिथून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. संशोधकांनी रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत; बायका त्यांच्या दीडपट वेगानं चालत. बायकांचीही गिरणीतली मजुरी गेली होती, पण चूल, मुलं, धुणं यांचं घड्याळ चालूच होतं. दिवसभरात काय केलं असं विचारलं, तर पुष्कळ पुरुषांना सांगता येत नव्हतं.

मला हा अभ्यास वाचल्यापासून बेकार मुलाला ‘आळशी’ म्हणवत नाही. उशिरा उठणं, दिवसभर मोबाईल, संध्याकाळी चिडचिड ही घड्याळ हरवल्याची लक्षणं आहेत.

म्हणून नोकरीच्या शोधालाच कचेरी समजा, आणि मुख्य म्हणजे तिला सुट्टीची वेळ ठेवा. सकाळी दहा ते एक एवढं पुरे. तीन तासांत दोन नेमके अर्ज, एक फोन आणि थोडा अभ्यास होतो. एक वाजता वही मिटायची. दुपारनंतर शोधायचं नाही, ई-मेल पुन्हा पुन्हा उघडायची नाही. जागा शक्यतो घराबाहेरची असावी. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी याच कामाची आहे. सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यात बोलावून मोफत वाचनालयांचं जे जाळं विणलं, त्याचं ती केंद्र. तयार होऊन, कपडे करून बाहेर पडणं याला आपण समजतो त्याहून जास्त किंमत आहे.

ठरवलेलं पाळलं जात नाही, ही पुढची अडचण. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून निघालेली युक्ती इथं उपयोगी आहे. ‘मी रोज अर्ज करीन’ असा निश्चय मोघम राहतो. त्याला ‘जर-तर’चा आकार द्या: ‘चहाचा कप खाली ठेवला, की वही उघडीन.’ ‘नकार आला, तर त्याच दिवशी एका लांबच्या ओळखीच्याला फोन करीन.’ एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला कृती बांधून टाकली, की दर वेळी मनाची समजूत घालावी लागत नाही.

आणि घर. “आज काही झालं का?” हा प्रश्न आई काळजीनं विचारते, पण रोज संध्याकाळी ऐकणाऱ्याला तो परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. यावर एक करार करून बघा. शनिवारी रात्री जेवताना मी आठवड्याचा हिशेब स्वतःहून देईन. बाकी दिवस कुणी विचारायचं नाही. हिशेबात काय काय केलं ते सांगायचं: सहा अर्ज, तीन बोलणी, एक धडा. काय मिळालं हे सांगायचं नाही, कारण ते आपल्या हातात नव्हतं. आई-बाबांना खरं तर मूल प्रयत्न करतंय एवढंच जाणून घ्यायचं असतं.

४. वीस मिनिटांची वही

अमेरिकेत डॅलसमध्ये एका संगणक कंपनीतून कमी केलेल्या ६३ जणांवर जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले अभियंते. एका गटाला पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं: राग, अपमान, घरातली तगमग. दुसऱ्या गटानं वेळेचं नियोजन वगैरे विषयांवर लिहिलं, तिसऱ्यानं काहीच नाही. आठ महिन्यांनी मनातलं लिहिणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कामाला लागले होते; बाकीच्यांत पाचातला एखादा.

लिहिणाऱ्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले नव्हते. मग फरक कशानं पडला? संशोधकांचा कयास असा, की राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीच्या खोलीत शिरला नाही. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठा इमला उभा करू नये. पण वहीला खर्च नाही. लिहा, कुणाला दाखवू नका, हवं तर फाडून टाका.

५. दार आतून बंद असतं तेव्हा

आतापर्यंतचं सगळं तुमच्या हातातलं होतं. पण सगळं तुमच्या हातात आहे असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि हे लपवणारी पुस्तकं वाचकाचा ताण वाढवतात.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव बरोबरीचे. आडनावं आणि नावं तेवढी वेगळी. दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. गोट्यांच्या भाषेत सांगायचं, तर काहींच्या पिशवीत दुसऱ्यानंच जास्त पांढऱ्या गोट्या भरून ठेवलेल्या असतात.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर करारानुसार राज्याच्या नोकरीसाठी सप्टेंबर १९१७ मध्ये इथं आले. नोकरी होती, राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा दम देऊन गेला. दोन परिचितांकडे आसरा मागितला. दोघांनी सबब सांगितली. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. तेव्हा जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकून आलेले ते सव्वीस वर्षांचे तरुण होते. त्यांच्यात काय कमी होतं?

मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली. जात कळताच गिऱ्हाईक तुटलं. मग सिडनहॅम कॉलेजातली जागा रिकामी असल्याचं कळलं. लंडनमध्ये ज्यांच्याशी ओळख झाली होती त्या लॉर्ड सिडनहॅम या मुंबईच्या माजी गव्हर्नरांची शिफारस उपयोगी पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, बडोदा सोडल्यावर वर्षभरानं. त्या शिफारशीला वशिला कोण म्हणेल?

म्हणून शेवटची विनंती नोकरी शोधणाऱ्यांना नाही. ज्यांना नोकरी आहे त्यांना आहे. रावपुऱ्यात, मांजलपुरात, अलकापुरीत तुम्ही कुठंही राहत असा, तुमच्या फोनवर एखाद्या अनोळखी मुलाचा ‘दहा मिनिटं बोलू का?’ असा निरोप या आठवड्यात कदाचित येऊन पडला असेल. त्याला आजच उत्तर द्या. जागा नसेल तर ‘बघतो’ म्हणू नका. नाही म्हणा, आणि ज्याच्याशी त्यानं बोलावं अशा एका माणसाचं नाव त्याला सांगा.